मोटारीचे मागचे सस्पेन्शन कमी खर्चात कडक करणे : कामाचा क्रम, मोजमाप आणि नेहमीच्या चुका

मागून मऊ पडलेली मोटार कडक करण्याचे काम बहुतेकांचे बिघडते ते हत्यारांअभावी नव्हे, तर क्रम उलटा धरल्यामुळे. आधी स्प्रिंगमध्ये रबरी ठोकळे बसवले जातात, मग शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलले जातात, आणि मूळ दोष मागच्या धुरेच्या फाटलेल्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी गादीत) होता हे सर्वांत शेवटी लक्षात येते. तोवर पैसे संपलेले असतात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त आदळत असते. पुढील क्रम कॉइल स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी बसवलेल्या मागच्या सस्पेन्शनला धरून लिहिला आहे, कारण ट्विस्ट बीम धुरा (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळवटू शकणारी एकच आडवी तुळई) असलेल्या लहान मोटारींत बहुधा हीच रचना असते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीसाठी काय वेगळे करावे लागते ते शेवटी सांगितले आहे. मागे हवेच्या फुग्यांवर किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणारे मूळ सस्पेन्शन असेल, तर यातले काहीही करू नये.

टप्पा १ : तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

‘गाडी मागून मऊ आहे’ या एका वाक्यामागे निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यांची कारणे वेगळी असतात. माणसे व सामान चढल्यावर मागची बाजू खाली जाऊन तशीच राहत असेल, तर गाडी ‘बसते’ आहे आणि तो प्रश्न स्प्रिंगचा आहे. गतिरोधक ओलांडल्यावर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होत राहत असेल, तर ती ‘उसळते’ आहे आणि तो प्रश्न शॉकचा आहे. वळणावर गाडी एका अंगाला जास्त कलत असेल, तर स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणावरचे कलणे आवरणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) आणि टायरमधली हवा या तिन्हींचा विचार करावा लागतो. सरळ रस्त्यावर, विशेषतः लेन बदलताना, शेपटी वळवळल्यासारखी वाटत असेल, तर स्प्रिंगला हात लावण्याआधी बुश पाहावेत.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते एका गैरसमजापायी : नवे शॉक बसवले की बसलेली गाडी वर उचलली जाईल. शॉक गाडीचे वजन पेलत नाही. वजन स्प्रिंग पेलते. शॉक फक्त स्प्रिंगची हालचाल लवकर शांत करतो. गॅस भरलेल्या शॉकमुळे मागची बाजू किंचित वर येते, पण त्या आधारावर भार वाहण्याची अपेक्षा धरू नये.

टप्पा २ : काहीही खोलण्याआधी मोजा

चारही टायरमध्ये गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरील पट्टीवर दिलेल्या दाबाइतकी हवा भरा. गाडी सपाट फरशीवर आणा, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, मागची बाजू दोनदा हाताने दाबून सोडा आणि हँडब्रेक न ओढता गाडी स्थिर होऊ द्या. आता प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या वर असलेल्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहा. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवा मोजमापात मिसळते, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच मोजावे.

यानंतर भाराची चाचणी घ्या. २० लिटरचे पाण्याने भरलेले पाच कॅन म्हणजे सुमारे १०० किलो वजन. ते मागच्या धुरेच्या शक्य तितके जवळ ठेवा : काही मागच्या आसनावर, काही डिकीत आसनाला टेकून. सगळे वजन डिकीच्या टोकाला ठेवले, तर तरफेच्या तत्त्वाने मागच्या धुरेवर १०० किलोपेक्षा जास्त भार येतो आणि हिशेब चुकतो. पुन्हा गाडी हलवा, दाबा, स्थिर होऊ द्या आणि मोजा.

समजा मागची दोन्ही चाके प्रत्येकी ३० मि.मी. आत गेली. म्हणजे प्रत्येक बाजूला ५० किलोमागे ३० मि.मी., आणि मागच्या धुरेवर नेहमीचा भार २०० किलो असेल तर गाडी ६० मि.मी. बसणार. हे बसणे ४८ मि.मी.वर आणायचे असेल, तर सस्पेन्शन २५ टक्के कडक करावे लागेल. एवढा साधा हिशेब कागदावर असला की ‘जरा कडक’ या मोघम मागणीची जागा एक आकडा घेतो, आणि पुढची प्रत्येक खरेदी त्या आकड्याशी ताडून पाहता येते.

तपासणी : रिकाम्या गाडीत मागच्या डाव्या व उजव्या मापांत १० मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुधा एका बाजूची स्प्रिंग तुटलेली किंवा थकलेली असते.

टप्पा ३ : झिजलेले भाग आधी दुरुस्त करा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण अनेक गाड्यांचे काम इथेच संपते आणि कडक करण्याची गरजच उरत नाही.

स्प्रिंग बहुतेक वेळा सर्वांत खालच्या वेढ्यात तुटते. तो वेढा बशीत, म्हणजे स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत, बसलेला असल्यामुळे आणि तिथे चिखल व पाणी साचत असल्यामुळे तडा बाहेरून दिसत नाही. मी एकदा घाईत बशी साफ न करताच रबरी ठोकळे बसवले, आणि काही आठवड्यांनी चाक काढल्यावर खालचा अर्धा वेढा तुटून बशीत पडलेला सापडला. तेव्हापासून ब्रशने बशी घासून, टॉर्चच्या उजेडात पूर्ण वेढा पाहिल्याशिवाय मी पुढचे काम हाती घेत नाही. तुटलेली स्प्रिंग एकच असली तरी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग जोडीनेच बदलाव्या.

शॉक तपासताना अंगावर तेलाचा ओघळ आहे का ते पाहा. गाडी दाबून सोडण्याची चाचणी पूर्ण निकामी शॉक दाखवते, पण अर्धवट थकलेला शॉक त्यात उत्तीर्ण होतो. म्हणून शंका असल्यास शॉक काढून, उभा धरून, हाताने पूर्ण लांबीभर दाबावा व ओढावा. विरोध सर्वत्र सारखा लागला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागली, तर शॉक संपला. टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील, तर तीही थकलेल्या शॉकची खूण असू शकते.

धुरेच्या पुढच्या टोकांचे बुश पहारीने हळूच रेटून पाहा. रबर धातूपासून सुटले असेल किंवा त्याला खोल चिरा असतील, तर बुश बदलावेत. शेवटी बंप स्टॉप, म्हणजे धुरा पूर्ण वर आल्यावर ज्यावर टेकते तो फोमसारखा ठोकळा, जागेवर आहे का ते पाहा. तो भुगा होऊन गळून पडला असेल, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटतो आणि चालकाला वाटते की स्प्रिंग मऊ आहे. नवा बंप स्टॉप हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

टप्पा ४ : उपाय निवडा, स्वस्तापासून सुरुवात करून

टायरची हवा. बहुतेक गाड्यांच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी मागच्या टायरचा दाब वेगळा व जास्त दिलेला असतो, आणि तो वापरायला काहीही खर्च येत नाही. यामुळे गाडी बसायची थांबत नाही, कारण टायर उभ्या दिशेने सस्पेन्शनपेक्षा साधारण दहापट कडक असतो आणि एकूण बसण्यात त्याचा वाटा लहान असतो. टायरच्या बाजूच्या भिंतीची डुलवण मात्र स्पष्टपणे कमी होते. टायरवर छापलेल्या कमाल दाबापलीकडे कधीही जाऊ नये.

स्प्रिंगच्या वेढ्यांमधले ठोकळे. रबर किंवा पॉलियुरेथेनचे हे ठोकळे स्प्रिंगचा एक वेढा जवळजवळ बंद करतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे सहा वेढ्यांपैकी एक बंद पडला तर कडकपणा जास्तीत जास्त २० टक्के वाढतो. एका बाजूला एकापेक्षा जास्त ठोकळे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यानंतर उरलेल्या वेढ्यांवर ताण एकवटतो आणि स्प्रिंग तुटण्याची भीती वाढते.

जास्त कडक स्प्रिंग. त्याच मॉडेलच्या जड आवृत्तीची स्प्रिंग वापरणे हा खर्च व परिणाम यांचा सर्वांत चांगला मेळ आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून १२ मि.मी.ऐवजी १३ मि.मी. तार असली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो. म्हणून जाडी अंदाजाने न ठरवता व्हर्नियरने मोजावी. रंग किंवा गंजाचा थर अर्धा मिलिमीटर फसवू शकतो, तेवढा भाग खरवडून घ्यावा. मोकळी लांबी, वेढ्यांची संख्या, आतला व्यास आणि दोन्ही टोकांचा आकार या चारही बाबी जुन्या स्प्रिंगशी जुळवून पाहाव्यात. टोक बशीत नीट बसले नाही, तर बाकी सारे जुळूनही स्प्रिंग निरुपयोगी आहे.

मागचा अँटी-रोल बार. वळणावर कलणे हीच तक्रार असेल तर हा उपाय योग्य आहे. भाराखाली बसण्यावर याचा काहीही परिणाम होत नाही. इथेही भरीव बारच्या जाडीचा चौथा घात लागू पडतो : १८ ऐवजी २० मि.मी. जाडी म्हणजे सुमारे ५२ टक्के जास्त कडक बार. बार बोल्टने बसणारा असावा.

इशारा : ट्विस्ट बीम धुरेवर वेल्डिंग करून पट्ट्या किंवा बार जोडू नका. ही धुरा पिळवटण्यासाठीच बनवलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पोलाद बदलते आणि नेमक्या त्याच जागी पुढे तडा जातो.

इशारा : कडकपणा वाढवण्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापणे हा उपाय नव्हे. कापल्याने ती कडक होते हे खरे, पण गाडी खालीही बसते, चाक लोंबकळले की स्प्रिंग बशीतून निसटू शकते, आणि गॅसच्या ज्योतीने कापल्यास तारेची टेंपर (पोलादाला दिलेली मजबुती) जाते.

एकदम किती कडक करावे? बहुतेक मोटारी वळणावर पुढून आधी सरकतील, मागून नव्हे, अशाच रचलेल्या असतात, कारण सामान्य चालकाला ते सावरता येते. फक्त मागची बाजू कडक केली की कलण्याचा जास्त वाटा मागची चाके घेतात आणि ओल्या रस्त्यावर, विशेषतः वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय उचलल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर, शेपटी सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून मी २० ते २५ टक्क्यांपलीकडे जात नाही आणि एका वेळी एकच बदल करतो. एवढ्या वाढीला शॉककडून सुमारे १० ते १२ टक्के जास्त आवर लागतो, जो चांगल्या स्थितीतला मूळ प्रकारचा शॉक सहसा निभावून नेतो. थकलेल्या शॉकवर कडक स्प्रिंग बसवली, तर गाडी उसळू लागते.

टप्पा ५ : तयारी

दोन मजबूत जॅक स्टँड, एक ट्रॉली जॅक, चाकांमागे-पुढे लावायचे लाकडी ठोकळे, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), तारेचा ब्रश आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील टॉर्कचे आकडे एवढे हाताशी असावे. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. शॉकचा खालचा बोल्ट तुटला की एका दुपारचे काम तीन दिवसांवर जाते.

गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच किंचित सैल करा, आणि गाडी बॉडीच्या नेमून दिलेल्या जागांखाली स्टँडवर टेकवा. स्टँड धुरेखाली लावले तर धुरा खाली येणार नाही आणि स्प्रिंग निघणार नाही.

इशारा : केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका. स्टँडवर टेकवल्यावर गाडी बाजूने जोरात हलवून पाहा. ती हलू नये.

टप्पा ६ : स्प्रिंग काढणे व बसवणे

पहिले पाऊल : चाके काढा आणि ट्रॉली जॅक धुरेच्या मध्याखाली लावून हलका आधार द्या.

दुसरे पाऊल : हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि ब्रेकची रबरी नळी यांच्या क्लिप सोडवा. धुरा खाली आल्यावर यांपैकी काहीही ताणले जाता कामा नये. ब्रेकची नळी आतून फाटली तरी बाहेरून शाबूत दिसते, म्हणून हा भाग डोळ्यांसमोर ठेवूनच जॅक उतरवावा.

तिसरे पाऊल : दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा. एकाच बाजूचा काढला तर धुरा तिरकी अडकते.

चौथे पाऊल : जॅक अगदी सावकाश उतरवा. ट्विस्ट बीम रचनेत स्प्रिंग बहुधा सैल होऊन हाताने निघते. ती सैल होत नसेल, तर पहार घालून ओढू नका; काय अडले आहे ते शोधा.

इशारा : स्प्रिंग शॉकच्या भोवती एकत्र बसवलेली असेल, तर तिच्यात मोठी ऊर्जा दाबलेली असते आणि ती काढायला योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. त्याचा सराव नसेल, तर पूर्ण जोड काढून तेवढे काम गॅरेजमध्ये करून घ्या. वरचा नट तसाच सोडल्यास जिवावर बेतू शकते.

पाचवे पाऊल : बशी आणि रबरी गादी साफ करा. नवी स्प्रिंग तिचे टोक बशीतल्या खाचेला टेकेल अशी फिरवून बसवा.

मूळ स्प्रिंगच ठेवून वेढ्यांमधले ठोकळे वापरायचे असतील, तर बहुतेक गाड्यांत धुरा सोडवावी लागत नाही. चाक लोंबकळले की पुरेशी फट मिळते. ठोकळ्याचे माप मात्र गाडी जमिनीवर रिकामी उभी असताना वेढ्यांमध्ये जी फट असते त्यावरून घ्यावे, लोंबकळलेल्या स्प्रिंगवरून नव्हे. लोंबकळताना घेतलेले माप नेहमी मोठे येते, ठोकळा जाड निवडला जातो आणि गाडी रिकामी असतानाच ताठ होते. ठोकळा साबणाच्या पाण्याने सरकवा. ग्रीस व तेलाने रबर खराब होते. दोन्ही बाजूंना तो त्याच क्रमांकाच्या वेढ्यात आणि मधल्या मोकळ्या जागेतच बसवा. टोकाकडचे जवळजवळचे वेढे आधीच निष्क्रिय असतात, तिथे घातलेला ठोकळा काहीच काम करत नाही.

नवे शॉक बसवत असाल, तर दोन नळ्यांचा शॉक आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाते. हे न केल्यास नवा शॉकही सुरुवातीला पोकळ वाटतो. शॉकचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका, कारण त्यावरचा एक ओरखडा सील फाडायला पुरेसा असतो.

टप्पा ७ : बोल्ट आवळण्याची योग्य वेळ

चाके लोंबकळत असताना धुरेच्या बुशचे व शॉकच्या खालचे बोल्ट पूर्ण आवळणे ही या सगळ्या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. रबरी बुश फिरत नाही, तो पिळतो. लोंबकळत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी जमिनीवर येताच पिळलेल्या अवस्थेत जातो आणि तसाच राहतो. त्यामुळे काही दिवस गाडी कडक व उंच वाटते, मग रबर फाटते आणि जुनी तक्रार परतते. म्हणून हे बोल्ट आधी फक्त हाताने घट्ट करावेत, चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, ती पुढे-मागे ढकलून स्थिर करावी, आणि मगच पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत. खाली शिरायला जागा नसेल, तर जॅकने धुरा टप्पा २ मधल्या रिकाम्या गाडीच्या मापाइतकी वर उचलूनही हे करता येते. स्टँड मात्र जागेवर हवेत. स्प्रिंग बदलल्यामुळे गाडीची उंचीच बदलली असेल, तर माप नव्या उंचीचे धरावे.

तपासणी : सोडवलेली प्रत्येक क्लिप, केबल आणि वायर परत जागेवर आहे का ते यादीवरून पाहा.

टप्पा ८ : बसवल्यानंतरची कामे

टप्पा २ मधली दोन्ही मोजमापे, रिकामी आणि १०० किलोची, पुन्हा घ्या. आधी ३० मि.मी. बसणारी गाडी आता २४ ते २५ मि.मी. बसत असेल, तर २० ते २५ टक्क्यांचे उद्दिष्ट साधले आहे.

अनेक जुन्या मोटारींत मागच्या धुरेला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती बसली आहे यावरून त्याला भार कळतो. सस्पेन्शन कडक किंवा उंच झाल्यावर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. असा व्हॉल्व्ह असेल, तर तो पुस्तिकेप्रमाणे नव्या उंचीला जुळवून घेतल्याशिवाय गाडी भार घालून चालवू नये. हेडलाइटचा रोखही तपासावा, कारण मागची बाजू वर आली की प्रकाश खाली पडतो.

पहिली फेरी रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर आणि कमी वेगाने घ्या. खडखडाट आला, तर बहुधा स्प्रिंगचे टोक खाचेत नाही किंवा ठोकळा निसटला आहे. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ठोकळ्याच्या कडेला स्प्रिंगचा रंग घासला गेला आहे का ते पाहा. उघड्या तारेला गंज चढतो आणि गंजाच्या खळग्यातूनच तडा सुरू होतो, म्हणून तिथे लगेच रंग द्यावा.

इशारा : गाडी कमी बसते म्हणून तिची भारक्षमता वाढलेली नसते. धुरा, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच आहेत. पट्टीवर दिलेली कमाल भाराची मर्यादा तीच राहते.

पाट्यांच्या गाडीसाठी

लीफ स्प्रिंगमध्ये आधी तुटलेला पाटा, झिजलेले शॅकल बुश (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीतले बुश) आणि मधला बोल्ट पाहावा. सपाट झालेल्या जुन्या पाट्यांना थंड अवस्थेत ठोकून पुन्हा कमान देणे स्वस्त पडते, पण ते लवकरच परत बसतात. त्याऐवजी प्रत्येक बाजूला एक जादा पाटा घालणे बरे. तो लांबीने संचातल्या दोन पाट्यांच्या मधला आणि रुंदीने त्यांच्याइतकाच असावा. पाटे सोडवताना सी-क्लॅम्पने संच दाबून धरूनच मधला बोल्ट काढावा, नाहीतर पाटे उसळतात. धुरेला पाटे आवळणारे यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात; ते नवेच घालावेत, जुन्यांपेक्षा जादा पाट्याच्या जाडीइतके अधिक लांब घ्यावेत आणि तिरक्या क्रमाने थोडेथोडे करून आवळावेत. पाटे एकमेकांवर बसून संच किंचित सैल होतो, त्यामुळे पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचा टॉर्क गाडी जमिनीवर उभी असताना पुन्हा तपासावा, आणि ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.